हिवरटाकळीला प्रेक्षणीय स्थळ लाभते

हिवरटाकळी गावात पाहण्यासारखे काहीही नाही, ही गोष्ट प्रथम सरकारच्या लक्षात आली. तोपर्यंत गावाचे त्यावाचून काही अडले नव्हते. गावात मारुती होता, हायस्कूल होते, आठवडी बाजार होता आणि बाजारात भांडणे होती. म्हणजे डोळ्यांना रिकामे बसायची वेळ सहसा येत नसे. पण राज्य नवे होते, कार्यालये नवी होती, आणि नवी कार्यालये तापत्या दुधासारखी सतत ढवळत ठेवावी लागतात. त्या ढवळण्यातून एक परिपत्रक वर आले : ज्या गावी हायस्कूल आहे त्या गावाच्या शिवारात निदान एक प्रेक्षणीय स्थळ असलेच पाहिजे, नसल्यास का नाही, याचा खुलासा करावा.

हा कागद गावात पोचला त्याच आठवड्यात दहावीतल्या वच्छलेला लोणारला जायची परवानगी मिळाली होती, आणि ती काही सुखासुखी मिळाली नव्हती. शाळेची सहल एस.टी.ने लोणारला जाणार होती. तो अजस्र खोलगा, कोणी म्हणे आभाळातून दगड पडून झाला, कोणी म्हणे जमिनीच्या पोटातून फुटून. तळाशी हिरवट खारे पाणी, काठाने काळी देवळे. भूगोलाच्या तासाला हे ऐकल्यापासून वच्छलेला दुसरे काही सुचत नव्हते. तिने आजवर पाहिलेले सर्वांत लांबचे गाव म्हणजे खामगाव, आणि तेही वांग्यांच्या टोपल्यांवर बसून, बैलांच्या शेपट्यांमधून जेवढे दिसेल तेवढे.

“खड्डाच पाह्याचा हाये तं वावरात चाल,” तिचा बाप तुळशीराम म्हणाला. तो भाजीपाल्याचा मळा करी आणि मळ्यातच राही. “उंदरायनं कितीक करून ठेवले, एकएक दाखवतो तुले.”

“बा, त्या खड्ड्यात अख्खा डोंगर मावते!”

“मंग डोंगर कुठी गेला?”

या प्रश्नाला भूगोलात उत्तर नव्हते. शेवटी सोजराबाई, म्हणजे वच्छलेची माय, चुलीपुढून बोलली, “जाऊ द्या नं पोरीले. लगन झाल्यावर तिले चूल दिसन अन् चुलीमांगची भीत दिसन. एक डाव तलाव पाहू द्या.” तुळशीरामाने तंबाखू मळली आणि दाढेखाली धरली. हा होकार समजण्यात आला.

इकडे सरपंच हिंमतरावांनी स्थळशोध समिती नेमली. अध्यक्ष ते स्वतः, चिटणीस हायस्कूलचे हेडमास्तर भगवंतराव आणि सभासद कारभारी. कारभारी हे त्यांचे नुसते नावच. ते कसलाही कारभार करीत नसत, पण गावातली कोणतीही पंगत त्यांच्यावाचून उठत नसे.

समितीची तपासणीची पद्धत शास्त्रोक्त होती. वऱ्हाडात गावाबाहेर पडायचे म्हणजे रोडग्यांसाठी पडायचे. गोवऱ्यांचा जगरा पेटवावा, निखाऱ्यात कणकेचे गोळे भाजावेत, वर तूप, बाजूला वरण, आणि वांग्यांची भाजी अशी की खाणाऱ्याने नाक पुसत पुसत आणखी मागावी. रोडगे झाले नाहीत तर माणूस काशीला जाऊन आला तरी तो कुठे गेला होता असे कुणी धरत नाही. तेव्हा समितीने असे ठरवले की, प्रत्येक संभाव्य स्थळी प्रत्यक्ष रोडगे करून पाहावेत आणि मग स्थळाविषयी मत बनवावे.

प्रथम टेकडी तपासली. टेकडीवरून सातपुड्यापर्यंतचा मुलूख दिसत होता. पण वाऱ्याने जगरा भडकला आणि रोडगे बाहेरून कोळसा व आतून कणीक असे निघाले. “टेकडी अप्रेक्षणीय,” असा शेरा पडला. पडका बुरूज पाणी लांब असल्यामुळे नाकारण्यात आला. नाल्याकाठची कोरीव मूर्ती भगवंतरावांना फार आवडली होती, पण तिथे पंगतीत मुंगळे आले. प्रत्येक तपासणीला वांगी तुळशीरामाच्या मळ्यातून जात, आणि ती गावाच्या नावलौकिकासाठी जात असल्यामुळे तुळशीरामाने त्याबद्दल समाधान मानावे, असा ठराव एकमताने झाला.

अखेर एका तपासणीनंतर हात धुता धुता कारभारी म्हणाले, “मी काय म्हन्तो हिंमतराव, आपन वांगे डोक्यावर घेऊन स्थळापाशी जाऊन राह्यलो. त्यापरीस स्थळच वांग्यापाशी आनलं तं?”

मोठे शोध असेच भरल्या पोटी लागतात. तुळशीरामाच्या मळ्यात विहीर होती, उतरायला पायऱ्या होत्या, वर आंब्याची गर्द सावली होती, गोवऱ्या रचून ठेवलेल्या होत्या आणि चहूबाजूंनी वांगी होती. एवढे प्रेक्षणीय स्थळ डोळ्यांदेखत असून गाव आजवर आंधळे राहिले, याची हिंमतरावांना लाज वाटली.

“विहीर कोणी बांधली?” भगवंतरावांनी टाक सरसावून विचारले.

“बांधली कायची, खंदली. माह्या आज्यानं,” तुळशीराम म्हणाला.

“आजोबांचं शुभनाव?”

“उकंडा.”

“उकंडराव,” भगवंतरावांनी लिहिले. “गावात त्यांना मान होता?”

“मान कायचा गुरुजी! लय तापट होता. कोनाचं आयकेच ना. सारे म्हनत, हा आपल्या मनाचा राजा हाये.”

“राजा होते,” भगवंतरावांनी लिहिले आणि पुढे विचारण्याचे कारण उरले नाही.

आठ-पंधरा दिवसांत आंब्याच्या बुंध्याला पाटी लागली : ‘उकंडराजाची पुरातन बारव. शांतता राखा.’ तुळशीरामाला वाचता येत नव्हते; वच्छलेने वाचून दाखवले तेव्हा त्याने आज्याच्या आठवणीने टोपी काढून पाटीला हात जोडले. वच्छला पोट धरून हसली. ते तिचे या प्रकरणातले शेवटचे मोकळे हसू. कारण स्थळाच्या मंजुरीचा कागद आला त्यात खाली आणखी एक कलम होते, आणि भगवंतरावांनी ते दहावीच्या वर्गात उभे राहून वाचले : ज्या शाळेच्या गावी मंजूर प्रेक्षणीय स्थळ आहे, त्या शाळेने सहल प्रथम तेथेच न्यावी. सबब लोणारची सहल रद्द.

वच्छला ताडकन उठली. “सर! पण ते तर माझं घर आहे!”

“वच्छला,” भगवंतराव चष्मा पुसत म्हणाले, “सहलीच्या दिवशी ते तुझं घर नाही. खाली बस.”

सहलीच्या दिवशी वच्छलेने पहाटे मळ्यातल्या आपल्या घरी भाकरी बांधून घेतली, गावात शाळेपर्यंत चालत गेली, दोन-दोनच्या रांगेत उभी राहिली आणि गाणी म्हणत पुन्हा मळ्यात आली. फाटकापाशी कुत्रा सगळ्या रांगेवर भुंकला आणि तिच्या पायांत घोटाळला. स्थळावरील प्राण्यांशी लगट केल्याबद्दल तिला ताकीद मिळाली. विहिरीजवळ सोजराबाईला इरकली लुगडे नेसवून, कमरेवर घागर देऊन, ‘स्थानिक स्त्री’ म्हणून उभे केलेले होते.

“काय वं वच्छे, भाकर पुरन का?” स्थानिक स्त्रीने विचारले.

“माय, बोलू नको. आम्ही पाहून राह्यलो.”

मुलांनी विहीर पाहिली. विहिरीनेही मुलांना पाहिले असावे. मग कोणाला काय करावे ते कळेना. भगवंतरावांनी माहिती सांगायला घसा खाकरला, पण ‘उकंडराजे हे राजे होते’ यापुढे माहिती जाईना. तेव्हा त्यांनी शिक्षकमंडळी नेहमी करतात ते केले. “वच्छला, पुढं ये आणि सांग.”

वच्छलेच्या डोक्यात लख्खकन काहीतरी चमकले. लोणारला जायचा सरळ रस्ता बंद होता. पण तिला आता आडवा रस्ता दिसला. ती विहिरीच्या कठड्यावरच चढली, परकर सावरला, आणि तिचा आवाज असा सुटला की आंब्यावरचे पोपट उडाले.

“ही बारव अथांग आहे! उकंडराजाने मोटेचा नाडा सोडता सोडता बैल म्हातारे केले, पण तळ लागला नाही. कसा लागेल? तळ इथं नाहीच! उकंडराजाने इथून थेट लोणारपर्यंत भुयार खोदलं. त्याची राणी गोजरबाई सोमवारी इथं बुडी मारायची आणि लोणारच्या देवळात दर्शनाला निघायची!”

“मंग राणी ओली नाई व्हत काय वं?” मागून एका पोराने विचारले.

“देवाला ओलेत्यानंच जातात, बावळटा!” वच्छलेने त्याला तिथेच बुडवले. “आता हे खरं की खोटं, हे भुयाराचं लोणारकडचं तोंड पाहिल्याशिवाय कसं कळणार? म्हणून दहावीच्या वर्गानं लोणारला जाणं अत्यंत आवश्यक आहे!”

तुळशीराम मोटेपाशी उभा होता. तो गोंधळून म्हणाला, “अवं पन तळ तं म्या गेल्या उन्हाळ्यात गाळ काहाडला तवा...” एवढ्यात स्थानिक स्त्रीने घागर त्याच्या पायावर ठेवली. सोजराबाईला पोरीची गाडी कुठल्या गावाला निघाली आहे ते बरोबर कळले होते.

टाळ्या पडल्या. पाहुणे म्हणून आलेले हिंमतराव उठून उभे राहिले. “पोरगी बरोबर बोलून राह्यली. भुयार म्हनलं की दोन तोंडं आली. लोनारचं तोंड तपासाच लागन.”

वच्छला त्या दिवशी घरी गेली ती, म्हणजे घरीच होती ती, नाचतच राहिली. तिने मैत्रिणीला, आशाला, खिडकीची जागा कोणाची यावरून आधीच दम देऊन ठेवला.

लोणारला कोण जाणार याचा निर्णय दोन दिवसांनी कळला. समिती जाणार होती. सहकुटुंब. विद्यार्थ्यांनी भुयाराचे एक टोक पाहिलेलेच असल्याने त्यांना त्याच भुयाराचे दुसरे टोक दाखवणे ही द्विरुक्ती ठरेल, असे चिटणिसांचे मत पडले. वांगी पोते भरून मळ्यातूनच गेली, कारण लोणारची वांगी कशी असतात याची समितीला खात्री नव्हती.

समिती परतली तेव्हा वच्छला धावत शाळेत गेली. “सर, तलाव कसा आहे हो? पाणी खरंच हिरवं आहे?”

भगवंतरावांनी थोडा विचार केला. “काठावर वारा फार होता. जगरा पेटेचना. रोडगे भाजेपर्यंत दिवस मावळला, आणि पानं उचलली तेव्हा मिट्ट काळोख. पण खाली तलाव आहे, असं तिथल्या लोकांनी खात्रीपूर्वक सांगितलं.”

“अन् भुयार?”

“अंधार होता, हे मी स्वतः पाहिलं,” भगवंतराव म्हणाले. “भुयारात अंधारच असतो. वर्णन जुळतं.”

अशा रीतीने भुयार सिद्ध झाले आणि वच्छलेच्या थापेवर गोल शिक्का बसला. एकदा शिक्का बसला की थाप परत घेता येत नाही. घेणाऱ्यालाच खुलासा मागतात. आता बारव अथांग असल्याचे मंजूर झाले होते, तेव्हा तिचा तळ दिसता कामा नये, हे ओघानेच आले. पण तुळशीराम रोज मोट धरी आणि संध्याकाळपर्यंत पाणी बरेच खाली जाई. एखाद्या पाहुण्याला तळ दिसला असता तर शासनाची काय शोभा राहिली असती? मोट बंद करण्याचा हुकूम निघाला.

“अन् वांग्याले पानी?” तुळशीरामाने विचारले.

“तुळशीराम,” हिंमतराव समजुतीने म्हणाले, “वांगे चार महिन्याचे. इतिहास हजार वर्साचा.”

“इतिहासाची भाजी होते काय हिंमतराव?”

हा प्रश्न उद्धटपणाचा होता, पण निरुत्तर करणारा असल्यामुळे त्याची थोडी दखल घेण्यात आली. तडजोड अशी निघाली : पाहुणे आले म्हणजे मोट चालवावी, कारण शहरच्या माणसांना मोट पाहायला आवडते, मात्र वर आलेले पाणी पाटाने फिरवून पुन्हा विहिरीतच सोडावे. त्याप्रमाणे नवा पाट खणला गेला. बैल चालत, मोट भरे, थारोळ्यात धबधबा पडे, पाणी खळाळत वांग्यांच्या अगदी बुडाशी येऊन वळण घेई आणि आले तिथे परत जाई. वांगी त्याच्याकडे पाहत पाहत वाळली. गावातल्या प्रेक्षणीय स्थळाचा पहिला खरा प्रेक्षक म्हणजे ती.

“तुह्या रानीनं पेलं वं सारं पानी,” तुळशीराम एकदाच म्हणाला. वच्छला खाली बसून वाळलेली झाडे उपटू लागली.

पाहुणे मात्र येऊ लागले. खामगावहून आले, नांदुऱ्याहून आले, बुलढाण्याच्या कचेऱ्यांतून तर जीप भरभरून आले. वांगी नाहीत म्हणून नाराज झाले, आंब्याखाली जगरे पेटवून आंब्याची एक बाजू करपवून गेले, कठड्यावर कोळशाने आपापली नावे लिहून गेले. वच्छलेला ‘मार्गदर्शिका’ अशी पत्र्याची बिल्ल्यासारखी पट्टी मिळाली, कारण भुयाराची समग्र माहिती असलेली तालुक्यात ती एकटीच होती. राणी कधी हिरव्या लुगड्यात बुडी मारी, कधी जांभळ्या. पाहुण्यांची घाई असेल तर लवकर दर्शन घेऊन येई. गोष्ट संपली की वच्छला प्रत्येकाला विचारी, “तुम्ही लोणार पाह्यलं?” कोणी म्हणे हो, तिथे दही छान मिळाले. कोणी म्हणे, सावलीला जागा नव्हती.

पुढच्या वर्षी ती अकरावीत, मॅट्रिकच्या वर्गात गेली. ही शाळेतली शेवटची सहल. आणि चमत्कार असा की, गावचे स्थळ पाहून झालेल्या शाळांना आता बाहेर जाण्यास हरकत नाही, असा कागद आला. सहल ठरली लोणारची. मुद्दाम सुटीचा दिवस टाळून मधला वार धरला, म्हणजे पाहुण्यांचा प्रश्न नको. वच्छलेने परकर सोडून पहिल्यांदा पाचवारी नेसली. सोजराबाईने दशम्या केल्या. तुळशीरामाने तिचा डबा आपल्या उपरण्यात बांधून दिला. शाळेपुढे एस.टी. घरघरत उभी होती. वच्छलेचा एक पाय पायरीवर होता, आणि आशाने खरोखरच खिडकी सोडली होती.

तेवढ्यात हिंमतराव सायकलवरून धापा टाकत आले. “वच्छले! उतर वं, उतर! मळ्यात पाहुने आले. मोटार घेऊन आले!”

“आज सहल आहे सरपंचकाका. मी नाही उतरणार.”

“अवं, तू गेली तं भुयार कोन दाखवन?”

“जाऊ द्या तिले,” तिला पोचवायला आलेला तुळशीराम पुढे झाला. “मी दाखवतो.”

“तुमचं कसं जमन?” हिंमतराव कळवळून म्हणाले. “तुमाले तं तळ माहीत हाये!”

भगवंतरावांनी गाडीतून मान बाहेर काढली. ते हळहळले, पण मार्गदर्शिकेने पाहुण्यांच्या वेळी स्थळावर हजर असले पाहिजे, हा नियम त्यांच्याच अक्षरात होता. कंडक्टरने घंटीच्या दोरीकडे पाहिले. एस.टी. इतिहासासाठी थांबत नाही, भूगोलासाठी तर नाहीच. वच्छलेने पायरीवरचा पाय खाली घेतला.

पाहुणे कोण होते हे लपवण्यात आता अर्थ नाही. सुशिक्षित मंडळी होती. वाचनाची आवड असलेली. मासिकात अशी एखादी गोष्ट आली की ‘बघा हो कसला हा सरकारी कारभार!’ म्हणून शेजारच्याला वाचून दाखवणारी. तोंडवळा ओळखीचा वाटतो ना? वाटणारच. तुम्हीच होतात.

तुम्ही कठड्यावरून वाकून पाहिलेत आणि म्हणालात, “एवढंच?” मोट दोनदा चालवायला लावलीत. वच्छलेने राणीची गोष्ट सांगितली ती तुम्ही अर्धी ऐकलीत, कारण मुलाला भूक लागली होती. सडकेवरून भोंगा वाजवत एस.टी. गेली, खिडक्यांतून हात हलले, गाण्याचा एक तुकडा मळ्यावरून तरंगत गेला. तुम्ही वळून पाहिलेत.

“कुठं चालली गाडी?”

“लोणारला. आमच्या शाळेची सहल आहे.”

“हात्तिच्या! लोणार तर आम्ही कालच उरकलं,” तुम्ही म्हणालात. “तुझं बरं आहे हं, मुली. असल्या स्थळीच जन्म. आम्हाला बघ किती लांबून यावं लागतं.”

मग तुम्ही पेटी कॅमेरा काढून ड्रायव्हरच्या हाती दिलात, तिला पाटीशेजारी उभे केलेत आणि सहकुटुंब तिच्या पायाशी बसलात. “जरा हस ना, फोटो रडका येईल,” असेही सांगितलेत. ती हसली, पाहुण्यांना नाही म्हणायची मार्गदर्शिकेला मुभा नसते. तो फोटो तुमच्या दिवाणखान्यात असेल. काढून पाहा. पाटी पूर्ण आली आहे, मोटार आली आहे, तुम्ही सगळे तर फारच छान आला आहात. मधे कुणीतरी पाचवारीतली, हातात उपरण्यात बांधलेला डबा धरलेली उभी आहे. पाटीचे अक्षर न् अक्षर यावे म्हणून चौकट जरा खाली सरकवताना तिचे डोके तेवढे कापले गेले आहे.